सगळीकडे पाच

सुवा, फिजी, ३ ऑगस्ट

केलेरा,

तोरिका ऑस्ट्रेलियाला गेली हे मला तुझ्याकडून कळलं नाही. नान्दी विमानतळावरच्या एका फोटोतून कळलं. चौदा बायका, सगळ्यांच्या अंगात पिवळे टी-शर्ट, टोमॅटोच्या पॅकिंग शेडवर कामाला निघालेल्या. दुसऱ्या रांगेत तुझी लेक. खांद्यावर तीच निळी पिशवी. पहिला पेपर पास झाली तेव्हा मी दिलेली.

फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला. आपल्या लेकीला, छोट्या वासितीला, ती कुठे ठेवून गेली असेल, हा प्रश्न पडला आणि उत्तरही लगेच मिळालं. तुझ्याकडे. आणखी कुठे?

फोनवरच्या माझ्या निरोपांना दोन निळ्या खुणा येतात, म्हणजे तू ते वाचतेस. उत्तर देत नाहीस. म्हणून हे कागदावर लिहून मंगळवारच्या बोटीने पाठवते आहे. कागदाचं काहीतरी करावं लागतं. उत्तर द्यावं लागतं, नाहीतर निदान चुलीत तरी घालावा लागतो.

मामाच्या मुलीने आत्याच्या मुलीशी अबोला धरल्याचं आपल्या बेटावर कुणी ऐकलेलं नाही. भावाभावांत अबोला असतो, नवरा-बायकोत असतो. आपल्या दोघींचं नातंच थट्टेचं. मी बोटीतून हिरवी-पिवळी होऊन उतरले की धक्क्यावरून तुझी हाक यायची, “आली बघा विद्यापीठाची राणी! अगं, खाल्लेले मासे परत समुद्रात सोडलेस? आम्ही इथे दिवसभर जाळं टाकून बसतो!” आपल्या वुनीवासा बेटावरची पोरं खोखो हसायची आणि तू माझी पुस्तकांची पेटी डोक्यावर घेऊन चालू लागायचीस. सहा वर्षं, प्रत्येक टर्ममध्ये दोनदा, मी शिकवायला आले आणि दर वेळी ती हाक ऐकली. गेली दोन वर्षं ऐकलेली नाही, कारण मी आलेलेच नाही.

तिचे तीनच पेपर राहिले होते, केलेरा. बालवाडीतली मदतनीस तीन पेपरनंतर शिक्षिका झाली असती. तू मला का सांगितलं नाहीस?

हा प्रश्न लिहिला आणि त्याची लाज वाटली. तरी खोडत नाही.

उना


सुवा, १७ ऑगस्ट

केलेरा,

बोट आली, दालोच्या कंदांच्या गोण्या आल्या, पत्र नाही. बरं.

मी काय केलं ते तुला अर्धंच माहीत आहे. तुला कळलं ते असं, की वरून हुकूम आला, यापुढे शिक्षक बेटांवर जाणार नाहीत, सगळं पडद्यावर. हुकूम वरून आला हे खरं आहे. वर तो कुठून गेला हे मी तुला सांगितलेलं नाही.

प्रत्येक टर्म संपली की तू सांभाळतेस त्या विद्यापीठाच्या केंद्रातली मुलं एक फॉर्म भरतात. पूर्वी कागदावर भरायची, आता पडद्यावर. बावीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच. शिक्षकांचं उत्तर वेळेवर आलं का, धडा समजला का, इंटरनेट चाललं का, अडचणीच्या वेळी कुणी जवळ होतं का. ऑनलाइन शिकणाऱ्यांचं समाधान कशाने वाढतं आणि कशाने घटतं, ते या फॉर्मांवरून शोधून काढायचं काम माझ्याकडे होतं. शिकवण्याखेरीज मला मिळालेलं पहिलं मोठं काम. एक वर्ष अर्ध्या बेटांवर शिक्षक पाठवले, अर्ध्यांवर पाठवले नाहीत. कुठे पाठवायचे नाहीत याच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. वुनीवासाची चिठ्ठी निघाली. मी ती पुन्हा आत टाकली नाही, हे मला प्रामाणिकपणाचं लक्षण वाटलं होतं.

वर्षअखेरीला फॉर्म आले. मी येत होते तेव्हा वुनीवासाचं समाधान पाचपैकी ४.९. मी येत नव्हते तेव्हाही ४.९. दुसऱ्या बेटांचंही थोड्याफार फरकाने तेच.

त्यावरून एक वाक्य तयार झालं: ‘शिक्षकांच्या प्रत्यक्ष भेटींचा विद्यार्थ्यांच्या समाधानावर परिणाम आढळला नाही.’ ते माझं आहे. शब्द माझे, स्वल्पविराम कुठे नको हेही मीच ठरवलेलं. त्या वाक्यावर भेटी बंद झाल्या, आणि त्याच वाक्यावर मला वरची खोली मिळाली. खिडकीतून बंदर दिसतं. तुमची बोट लागलेली दिसते.

एवढं लिहून मी थांबणार होते. पण डायरी काढून तो दिवस पाहिला. त्यात लिहिलंय, ‘आज अहवाल दिला. एक परिच्छेद काढला. बरं केलं की नाही, कोण जाणे.’

त्या परिच्छेदाबद्दल पुढच्या वेळी लिहीन. आज धीर नाही.

उना


सुवा, ३१ ऑगस्ट

केलेरा,

काल तोरिकाशी बोलले. रविवार होता, चर्चहून आली होती. मागे सहा बायका कसावा सोलत होत्या आणि एक जण मोठ्याने घोरत होती.

“मावशी! तू म्हातारी दिसतेस गं,” म्हणाली. तुझीच लेक.

मी विचारलं, “काम कसं आहे?”

“छान आहे. टोमॅटो येतात, आम्ही बघतो, टोमॅटो जातात. लाल एकीकडे, हिरवा एकीकडे. नापास कुणी होत नाही.”

मग मी पेपरांचं विचारलं. आधी हसण्यावारी नेलं. मी फोन ठेवत नाही म्हटल्यावर हळूहळू सांगितलं. संशोधन पद्धतीच्या पेपरात तिसऱ्या आठवड्याला ती अडली. चर्चेच्या पानावर आठ प्रश्न लिहिले. प्रत्येकाला तिथल्या तिथे उत्तर यायचं, ‘तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ त्यानंतर काही नाही. दहाव्या आठवड्यात कुणीतरी एक दुवा पाठवला, तो तुमच्या इंटरनेटवर उघडला नाही. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा नापास. तिसऱ्यांदा नाव घातलं नाही.

“तू यायचीस तेव्हा मी काही विचारत नव्हते, मावशी,” ती म्हणाली. “तू चटईवर बसून आईशी भांडायचीस, आई तुला वेंधळी म्हणायची, आणि तेवढ्यात मी वही पुढे सरकवायचे. सगळ्यांसमोर हात वर करून ‘मला कळलं नाही’ कोण म्हणणार? पडद्यावर तर नाव छापून येतं.”

मी विचारलं, “मग फॉर्ममध्ये हे का नाही लिहिलंस? सगळीकडे पाच पाच कसे?”

ती हसली. मला वाटतं, माझ्या अडाणीपणाला हसली.

“आई शेजारी बसून भरून घ्यायची ना! म्हणायची, ‘हा कागद उनाच्या टेबलावर जातो. ती आपल्या गावाची भाची आहे. सगळीकडे पाच मारा, तिची मान खाली जायला नको.’ इसोआने एकदा इंटरनेटला तीन दिले तर आईने त्याच्या टाळक्यात मारली. ‘तीन? तिला काय शिळं कालवण वाढतोयस?’ मी सोडलं त्या टर्मलासुद्धा भरला मी. आईने भरायला लावला. ‘पुन्हा हा अभ्यासक्रम घ्याल का?’ पाच.”

नंतर ती वासितीबद्दल बोलली. पोरगी आता तुला आई म्हणते. तोरिकाला फोनवर ‘टोमॅटो’ म्हणते. हे सांगताना ती इतकी हसली की तिला फोन खाली ठेवावा लागला. थोड्या वेळाने तो दुसऱ्याच बाईने उचलला आणि म्हणाली, “ती नंतर बोलेल.”

केलेरा, ते आकडे तुम्ही मला दिले होते. मी त्यांना विद्यार्थ्यांचं मत समजले.

उना


सुवा, १४ सप्टेंबर

केलेरा,

समजले, असं मागच्या पत्रात लिहिलं. ते खोटं आहे. पत्र बोटीवर चढवल्यापासून तो शब्द टोचतो आहे.

आठवतं, आपण आठ-नऊ वर्षांच्या असताना मंत्री आले होते? शाळेचं छप्पर उडून चार महिने झाले होते. आदल्या दिवशी सगळ्या गावाने चटया उंच बांधून सावली केली. मंत्र्यांना मानाची यांगोना पाजली, डुक्कर भाजलं. ते मामाला म्हणाले, “मुखिया, शाळेला काही कमी-जास्त?” आणि मामा म्हणाले, “काही नाही साहेब. आपण आलात, सगळं आलं.” मी तुला कोपराने ढोसलं. तू पुटपुटलीस, “पाहुण्याच्या ताटात गाऱ्हाणं कोण वाढतं, वेडे?” पुढचं छप्पर तीन वर्षांनी आलं.

हे मला माहीत होतं. त्या काढलेल्या परिच्छेदात हेच होतं. मी लिहिलं होतं, की आपल्या बेटांवर पाच हा आकडा आदर म्हणून दिला जातो, तेव्हा त्याला समाधान समजू नये. आमच्या विभागाचे प्रमुख सेमिसी सर स्वतः टोंगाचे. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. “उनाइसी, माझ्या आईनेसुद्धा पाचच दिले असते. पण हे सिद्ध कसं करायचं? आकडा कुठे आहे?” माझ्याकडे आकडा नव्हता. मी परिच्छेद काढला. त्यांनी काढायला सांगितलं नव्हतं. फक्त विचारलं होतं.

आणि याच्याही खाली एक गोष्ट आहे. ती डायरीतसुद्धा नाही.

मला बोटीचा कंटाळा आला होता. सव्वीस तास जायला, सव्वीस यायला, डिझेलचा वास, डेकवर भिजलेली चटई, पोटात काही टिकत नाही. बेचाळीस वर्षांची झाले होते. ४.९ च्या खाली दुसरा ४.९ पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? सुटले, असं वाटलं. त्यानंतर मी वाक्य लिहिलं.

गावात भाचीला कुणी काही नाकारत नाही. लहानपणी मी मामाच्या कोंबडीकडे बोट दाखवलं की तिची मान मुरगळली जायची; तू रडायचीस, कारण कोंबडी तुझी असायची. या वेळीही मी बोट दाखवलं आणि तुम्ही दिलंत.

विद्यापरिषदेची बैठक पाच ऑक्टोबरला आहे. तिथे मी हा परिच्छेद वाचणार आहे, आणि भेटी पुन्हा सुरू करा असं मागणार आहे. खोली गेली तर जाऊ दे. असं लिहिताना मी शूर वाटते, म्हणून हेही लिहिते, की मला भीती वाटते.

उना


सुवा, १२ ऑक्टोबर

केलेरा,

वाचला.

सतरा माणसं होती. तुझ्या केंद्रातले अकरा विद्यार्थी होते, आता दोन उरलेत, हे सांगितलं. जे सोडून जातात त्यांना आपण फॉर्म देत नाही, म्हणजे जे उपाशी उठले त्यांना जेवण कसं झालं हे विचारत नाही, असंही म्हटलं. तोरिकाचं नाव घेतलं नाही. तिचे आठ प्रश्न वाचायला घेतले. सहाव्या प्रश्नानंतर मला पुढे वाचता आलं नाही. उरलेले दोन सेमिसी सरांनी वाचले. हे मला अपेक्षित नव्हतं.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. अध्यक्षबाईंनी आभार मानले. एक जण म्हणाले, विषय भावनिक आहे पण महत्त्वाचा आहे. मग बोटीचं भाडं, वादळाचे महिने, माणसांची टंचाई. तासाभराने ठराव झाला: भेटी बंदच राहतील. फॉर्ममध्ये मात्र तेविसावा प्रश्न वाढवायचा. ‘या प्रश्नावलीबद्दल आपण समाधानी आहात का?’ एक ते पाच.

माझी खोली गेली नाही. खिडकीसकट शाबूत आहे.

आता लिहून काही होणार नाही. आपल्याकडे चुकलेला माणूस पत्र पाठवत नाही. देवमाशाचा दात घेऊन उंबऱ्यापाशी येतो आणि मान खाली घालून बसतो. माझ्या अपेनिसादादाने तो दात, तबुआ, मिळवला आहे. माझ्या वतीने तोच बोलेल. पुढच्या बोटीने येतो.

उना


सुवा, ९ नोव्हेंबर

केलेरा,

परत पोचले. तुला सोडून तुलाच पत्र लिहिते आहे.

तू सगळं रीतीप्रमाणे केलंस. चटई अंथरली होती. दादा बोलत असताना मी जमिनीकडे पाहत होते, मला फक्त तुझे पाय आणि वासितीचे पाय दिसत होते. तू तबुआ हातात घेतलास, टाळी वाजवलीस, म्हणालीस, “घेतला. माझ्या मनात काही नाही. भाची घरी आली, आनंद झाला.” मग नारळाच्या दुधातला मासा वाढलास. मानाचं डोकं मला दिलंस. वासिती माझ्या मांडीवर येऊन बसली आणि मला टोमॅटो म्हणाली. सगळे हसले. तूही हसलीस, पण तिच्याकडे बघून.

धक्क्यावर मी उतरले तेव्हा नेहमीसारखीच हिरवी झाले होते. रेलिंगला धरून वाट पाहिली. तू म्हणालीस, “प्रवास बरा झाला ना?”

पाहुण्याला विचारतात तसं.

तीन दिवसांत तू मला एकदाही वेंधळी म्हणाली नाहीस. माझी पेटी तू उचलली नाहीस, इसोआला उचलायला सांगितलीस. निघताना पुन्हा म्हणालीस, “काही नाही गं मनात.” आणि मला मामांचा आवाज ऐकू आला. आपण आलात, सगळं आलं.

रीतीने आणलेला तबुआ नाकारता येत नाही. आणि भाचीला तर काहीच नाकारता येत नाही. मग तू मला जे दिलंस ते काय होतं? मी सव्वीस तास हाच हिशेब करत आले. तू मला पाच दिलेस, केलेरा. बावीसही प्रश्नांना. आणि मी मागच्या वेळेसारखेच ते घेतले आणि बोटीत बसले.

मला ते नको आहेत. तुझ्याकडून एकदा खरा आकडा दे. मग पुन्हा बोलली नाहीस तरी चालेल. ‘चालेल’ हे खरं नाही. पण दे.

उना


सुवा, २३ नोव्हेंबर

केलेरा,

काल बंदरावरून फोन आला, “तुमच्या नावाची पेटी आहे.” टॅक्सी मिळाली नाही, डोक्यावर घेऊन चालत आले. दालो, दोन खोबऱ्याच्या वड्यांचे डबे, आणि तळाशी ती माझी बोटीत भिजलेली, तुझ्याकडे राहिलेली चटई, धुऊन वाळवलेली. दालो जुन्या कोऱ्या फॉर्मांत गुंडाळले होते. कागदावरचे, पूर्वीचे. केंद्राच्या कपाटात अजून गठ्ठा असेल.

मी प्रत्येक कागद सरळ करत गेले. सवयीने. नववा किंवा दहावा असेल, त्यावर शाई दिसली.

एकवीस प्रश्न कोरे आहेत. नवव्यावर खूण आहे: ‘अडचणीच्या वेळी आपल्याजवळ कुणी होतं का?’ एक या आकड्याभोवती गोल केलाय. एकदा काढलेला, मग त्यावर आणखी दोनदा गिरवलेला. कागद जवळजवळ फाटलाय.

माझ्या टेबलावर आजवर काही हजार फॉर्म आले असतील. वुनीवासाहून आलेला हा पहिला ‘एक’.

खाली ‘अन्य अभिप्राय’ असा चौकोन असतो. तो कुणी भरत नाही. तिथे तुझ्या अक्षरात लिहिलंय, ‘बोट मंगळवारी सुटते. वेंधळीला वार लक्षात राहत नाहीत.’

माझी बारा दिवसांची रजा शिल्लक आहे. विद्यापीठाला काही विचारायचं नाही असं ठरवलंय. रजेत मी कुठे बसते हा माझा प्रश्न. हे पत्र या बोटीने येईल, मी पुढच्या. जे दोघं उरलेत त्यांना सांग, वह्या घेऊन चटईवर बसा, हात वर करायची गरज नाही. ज्यांनी सोडलंय त्यांनाही सांग. आले तर येतील. रजेच्या बारा दिवसांत किती होणार, ते मला माहीत आहे. त्यातले चार समुद्रावर जातील.

तोरिकाचा करार अजून सात महिने आहे. परवा तिला संशोधन पद्धतीच्या तिसऱ्या आठवड्याबद्दल विचारलं तर म्हणाली, “मावशी, आता मला लाल आणि हिरवा एवढंच कळतं.” मी पुढच्या रविवारी पुन्हा विचारीन. ती नाही म्हणेल. त्याच्या पुढच्या रविवारीही विचारीन.

तो कागद खिडकीच्या काचेला चिकटवला आहे. बंदर थोडं झाकलं जातं.

धक्क्यावर ये.

उना